टोर्नेडो म्हणजे आपली वावटळच का? मुलगी ओक्लाहोमाला निघाली आहे

रानवाटा

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईजवळ शेती करतो. थोरली मुलगी ऑगस्टमध्ये एम. एस. करायला अमेरिकेला चालली आहे, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावात. व्हिसा झाला, तिकीटही काढलं. पण परवा तिच्या मामानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी खाली आलंय आणि घरं पाचोळ्यासारखी उडताहेत. खाली लिहिलेलं, ओक्लाहोमा. तेव्हापासून मुलीच्या आईचं जेवणात लक्ष नाही.

वावटळ मी लहानपणापासून बघतोय. चैत्र-वैशाखात नांगरलेल्या रानात भर दुपारी उठते, धूळ-पाचोळा घेऊन गरगरत जाते आणि दोन मिनिटांत विरते. आजी म्हणायची, तिच्या वाटेत उभं राहू नये. एकदा गोठ्यावरचा एक पत्रा तिनं उचकटला होता, त्यापलीकडं नुकसान कधी नाही. मग तीच वावटळ तिकडं एवढी कशी माजते? पेपरवाले टोर्नेडोलाही चक्रीवादळ लिहितात आणि कोकणात आलेल्या 'निसर्ग'लाही चक्रीवादळच. तिन्ही एकच का? कशामुळं होतं, आधी कळतं का, आणि पोरीनं काय करायचं? तिकडं राहणाऱ्या कुणी सांगितलं तर उपकार होतील. मी बारावी सायन्स आहे, थोडं खोलात सांगितलं तरी चालेल.

सह्यकडा

काका, काळजी करू नका. माझा मोठा भाऊ १२ वर्षं टेक्सासमध्ये आहे, त्यानं एकदाही टोर्नेडो डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्या माहितीप्रमाणे टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळच, फक्त आकारानं लहान आणि जमिनीवर होणारं. चूक असेल तर जाणकारांनी सांगावं.

सुनंदा_मूर

दादा, मुलीचं अभिनंदन. मी बार्शीची. लग्न होऊन २००६ साली इकडं आले, तेव्हापासून मूर गावात राहते. नॉर्मनची हद्द उत्तरेला संपते तिथं मूर सुरू होतं. २० मे २०१३ ला जो मोठा टोर्नेडो आला तो आमच्या घरापासून सहा गल्ल्या सोडून गेला. त्यानंतर मी इथल्या हवामान खात्याचं स्पॉटरचं प्रशिक्षण घेतलं. वादळाच्या दिवशी ढगांवर नजर ठेवून जे दिसेल ते कळवणारे स्वयंसेवक असतात, त्यांतली मी एक. उत्तर लांबेल, पण नीट सांगते.

आधी नावांचा घोळ. सह्यकडा, तुमचं म्हणणं खोडावं लागतंय, रागावू नका. 'निसर्ग'सारखं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. ते समुद्राच्या ऊन पाण्यावर पोसतं आणि जमिनीवर आलं की त्याचा जोर ओसरतो. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता. तो वारा तासन्‌तास वाहिला म्हणून सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. टोर्नेडो निघतो एकाच गडगडाटी ढगाच्या पोटातून. रुंदी बहुधा पन्नास मीटरपासून काही शे मीटरपर्यंत, आणि बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात. पण वाऱ्याचं म्हणाल तर 'निसर्ग'चा वारा इथल्या मोजपट्टीत सगळ्यात खालच्या पायरीवर बसतो. सगळ्यात वरची पायरी ताशी ३२० किलोमीटरच्या पुढं सुरू होते.

वावटळ तर उलट्या बाजूनं जन्मते. नांगरलेलं काळं रान तापतं, त्यावरची हवा हलकी होऊन वर निघते, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते आणि जाता जाता गरगरते. वर आभाळ निरभ्र असतं, ढगाचा पत्ता नसतो. म्हणून तिचा जोर त्या तापलेल्या तुकड्याएवढाच. वावटळ रानाची, टोर्नेडो ढगाचा, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं जाईल.

आता तो ढग. इथला मुख्य हंगाम एप्रिल ते जून, त्यातही मे. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा वाहत येते. अशा दिवशी सकाळी दार उघडलं की मुंबईला उतरल्यासारखं वाटतं, चष्म्यावर वाफ धरते. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि मेक्सिकोचं पठार, तिकडून तापलेली कोरडी हवा येते. दोन्ही भिडतात त्या रेघेला इथं ड्राय लाइन म्हणतात. रेघेच्या पूर्वेला घामाच्या धारा लागतात आणि पश्चिमेला ओठ फुटतात. या सगळ्याच्या वर, पाच-सहा किलोमीटर उंचीवर, गार हवा असते. म्हणजे हलकी हवा खाली आणि जड हवा वर, उसळायला अगदी तयार. तरी लगेच उसळत नाही, कारण पठारावरून आलेल्या उष्ण हवेचा एक थर मध्ये झाकणासारखा बसलेला असतो. भाताच्या पातेल्यावर घट्ट झाकण असलं की आत वाफ कोंडत जाते, तसं होतं. झाकण नसतं तर सकाळपासून किरकोळ सरी पडून सगळं निवलं असतं. दुपारी तीन-चारला ते एखाद्या ठिकाणी फुटतं, आणि मग तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. फुलकोबीसारखा गच्च, कडा इतक्या रेखीव की सुरीनं कापल्यासारख्या.

एवढ्यानं गारा पडतील, विजा होतील. आपल्याकडचा वळीवही असाच होतो. फिरकी कुठून येते? समईची वात वळतानाचे हात आठवा. खालचा तळवा स्थिर आणि वरचा पुढं सरकतो, मधला कापूस आडवा गोल फिरतो. त्या दिवशी इथं जमिनीलगतचा वारा आग्नेयेकडून संथ असतो, किलोमीटर-दीड किलोमीटरवर दक्षिणेकडून जोराचा, आणि आणखी वर पश्चिमेकडून सोसाट्याचा. वरचा तळवा जोरात आणि खालचा हळू. मधली हवा वातीसारखी आडवी वळली जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आडवी फिरकी सगळीकडं भरलेली असते. आता ढगात वर जाणारा हवेचा लोट त्या वातीला मध्ये उचलून उभी करतो. आडवी फिरकी उभी झाली की ढगातला सगळा लोटच फिरायला लागतो, तीन-चार ते दहा किलोमीटर रुंदीचा. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात.

प्रशिक्षणात मला सगळ्यात नवल वाटलं ते यापुढचं. उचललेली फिरकी ढगात वर असते, जमिनीवर नसते. वर चढणारी हवा फिरकी वरच नेणार ना? ती खाली आणायला उतरणारी हवा लागते. ढगाच्या मागच्या बाजूनं पाऊस-गारांबरोबर हवेचा एक झोत खाली येतो, लोटाला मागून वळसा घालतो आणि जमिनीलगत फिरकी तयार करतो. तो झोत फार गार असेल तर जड होऊन जमिनीवर पसरतो, लोट त्याला उचलू शकत नाही आणि सगळं फुसकं होतं. तो फार गार नसेल तर लोट त्या फिरकीला वर ओढतो. ओढली की ती बारीक होते, आणि बारीक झाली की जोरात फिरते. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गरका कसा वाढतो, तसंच. मुठीत येणार नाही एवढी थोडी ऊब, त्यावर गावं राहायची की जायची हे ठरतं. म्हणूनच सुपरसेल पुष्कळ होतात आणि त्यांतल्या थोड्यांतूनच टोर्नेडो निघतो. नेमके कोणते, हे शोधायला २००९ आणि २०१० च्या हंगामात शास्त्रज्ञ गाड्यांवर रडार घेऊन या मैदानांत फिरले.

सोंड दिसते तो वारा नव्हे, हेही सांगून ठेवते. आत दाब एकदम पडतो म्हणून हवेतली वाफ थेंब होते आणि ती सोंड दिसते. टिम समारस नावाचे एक अभियंता वादळाच्या वाटेत यंत्रं ठेवत. २००३ साली साउथ डकोटात त्यांच्या यंत्रावरून टोर्नेडो गेला तेव्हा दाब १०० मिलिबारनं खाली आलेला नोंदला गेला. आपल्याकडं नेहमीच्या दिवसांत दोन-चार मिलिबारचा फरक पडतो. तर सोंड जमिनीला टेकलेली दिसत नसली तरी खाली धूळ फिरत असेल तर टोर्नेडो जमिनीवर आलेला असतो. पोरीला हे आवर्जून सांगा.

रानवाटा

ताई, वातीचं उदाहरण वाचून दाखवलं तेव्हा मुलीच्या आईनं पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं. पण आपल्याकडं मराठवाड्यात वळीव होतो, २०१४ ला तर गारपिटीनं आमची द्राक्षं-ज्वारी सगळी झोपवली. मग तिथं सोंड का येत नाही? आणि त्या २० मेचं काही सांगता येईल का? त्रास होत असेल तर राहू द्या.

जुना_दिल्लीकर

भारतात अगदीच होत नाही असं नाही. मी आता ७३ वर्षांचा आहे. १९७८ साली नोकरीनिमित्त दिल्लीत करोल बागेत राहत होतो. १७ मार्चला संध्याकाळी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरावरून टोर्नेडो गेला. आमच्याकडं फक्त जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सहकाऱ्याची चौकशी करायला तिकडं गेलो. एका पट्ट्यातली झाडं बुंध्यापासून पिळवटलेली, कपडा पिळतात तशी, आणि त्या पट्ट्याच्या शंभर पावलं बाजूला गुलमोहराची पानंसुद्धा जागची हललेली नव्हती. २८ माणसं गेली. आम्ही तेव्हा त्याला आँधी म्हणालो. तो टोर्नेडो होता हे नंतर वर्तमानपत्रांतून कळलं.

सुनंदा_मूर

काका, तुम्ही सांगितलेला पट्टा मी डोळ्यांपुढं आणू शकते. इकडंही तसंच असतं.

दादा, मराठवाड्याचं आधी. आपल्याकडं वैशाखात खालची हवा तापते, थोडा दमटपणाही येतो, ढग उंच जातो. पण तोवर वरचे पश्चिमी वारे उत्तरेकडं सरकलेले असतात. वरचा तळवा जोरात सरकत नाही, वात वळली जात नाही. पूर्व भारतात आणि बांगलादेशात मात्र मार्च-एप्रिलमध्ये इथल्यासारखाच मेळ बसतो. बंगालच्या उपसागराची दमट हवा खाली, छोटा नागपूर पठाराची तापलेली कोरडी हवा पश्चिमेकडून, आणि हिमालयाच्या दक्षिणेनं वाहणारे वेगवान वारे वर. जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा टोर्नेडो अमेरिकेतला नाही. तो २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात झाला. सुमारे १३०० माणसं गेली. पत्र्याची नि कुडाची घरं, सूचना नाही, लपायला जागा नाही. मला हे फार लागतं. इथल्या एकेका टोर्नेडोवर तासन्‌तास चित्रफिती आहेत आणि त्या गावांचं नाव आपल्या शेजारच्या देशातलं असून आपल्याला माहीत नसतं.

आता २० मे. त्रास होतो, पण सांगते, कारण 'आधी कळतं का' याचं उत्तर त्यात आहे.

सोमवार होता. दोन-तीन दिवस आधीपासून हवामान खातं सांगत होतं की सोमवारी मध्य ओक्लाहोमात धोका आहे. आदल्या दिवशीच शॉनीकडं टोर्नेडो होऊन दोन माणसं गेली होती. दुपारी एकच्या सुमाराला 'वॉच' लागला. वॉच म्हणजे आज इथं सगळं जमून आलंय, सावध राहा. पश्चिमेला ढग चढताना मी परसातून पाहत होते. २ वाजून ४० मिनिटांनी 'वॉर्निंग' आली. वॉर्निंग म्हणजे आता, तुमच्याकडं. २ वाजून ५६ मिनिटांनी तो न्यूकॅसलजवळ जमिनीला टेकला. मूरमध्ये यायला आणखी वीसेक मिनिटं लागली. तो ३९ मिनिटं जमिनीवर होता आणि एका जागी त्याची रुंदी दीड किलोमीटरच्या वर होती.

घरात मी आणि बार्शीहून आलेल्या सासूबाई. मुलगा शाळेत, गावाच्या पूर्वेच्या टोकाला. आणायला निघावं की नको यात मी चार मिनिटं किल्ली हातात धरून उभी होते. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून थेट दाखवत होते, आणि पडद्यावरचा रस्ता मी ओळखला. मग किल्ली ठेवली. सासूबाईंना न्हाणीघरातल्या टबात बसवलं, स्वतः बसले, वर गादी ओढली. आमच्या घरात तेव्हा भुयारी निवारा नव्हता.

आवाजाचं सगळे विचारतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ उभं राहिलं की आवाज कानांत येण्याआधी पायांत येतो. तसा तो टबाच्या पत्र्यातून पाठीत आला. मग कानांत दडे बसले. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या, ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. दोन-तीन मिनिटांत सगळं गेलं.

बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा वास आला. ताज्या चिरलेल्या लाकडाचा, लाकडाच्या वखारीत येतो तसा, आणि त्यात गॅसचा. आमच्या पिकॅनच्या झाडावर गुलाबी लोकर अडकली होती, पिंजलेल्या कापसासारखी. इथं घराची ऊब टिकावी म्हणून भिंतीत भरतात ती, कुणाच्या तरी भिंतीच्या आतली होती. आमच्या छपराचे काही तुकडे गेले, खिडक्या फुटल्या, बाकी घर उभं. सहा गल्ल्या पलीकडं घरांच्या जागी फक्त सिमेंटचे चौथरे. एका चौथऱ्यावर फरशी स्वच्छ होती, झाडून घेतल्यासारखी.

मुलगा रात्री आठला भेटला. त्याच्या शाळेला धक्का लागला नव्हता. गावातल्या दुसऱ्या एका प्राथमिक शाळेत सात मुलं गेली. एकूण चोवीस माणसं. तेव्हा इथल्या बहुतेक शाळांत निवारे नव्हते. त्यानंतर बांधायला लागले. पुढच्या वर्षी मूरनं घरबांधणीचे नियमही बदलले आणि ताशी २१७ किलोमीटर वारा सोसेल अशी घरं बांधायची सक्ती केली. गॅरेजचं दार आधी आत दबतं, मग हवा आत घुसून छप्पर उचलते, म्हणून त्या दारालाही आता जास्त बळकटी लागते.

तर दादा, कळतं का? दिवस आधी कळतो, कुणाचं घर ते शेवटच्या पंधरा मिनिटांत कळतं. हे दोन्ही ज्ञान इथंच, तुमच्या मुलीच्या आसपास जन्मलं. १९४८ पर्यंत सरकारी अंदाजात टोर्नेडो हा शब्द वापरणं टाळत, लोक घाबरतील म्हणून. त्या वर्षी २० मार्चला टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला आणि विमानांची मोडतोड झाली. तळावरचे हवामान अधिकारी फॉबुश आणि मिलर यांनी आधीच्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढून ताडून पाहिले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तसाच नकाशा पुन्हा दिसला. त्यांनी सूचना दिली, विमानं आत घेतली, आणि त्याच संध्याकाळी टोर्नेडो पुन्हा तळावर आला. १९७३ साली नॉर्मनच्या प्रयोगशाळेनं युनियन सिटीच्या टोर्नेडोवर डॉप्लर रडार, म्हणजे ढगातल्या वाऱ्याचा वेग टिपणारं रडार, रोखलं, आणि फिरकी जमिनीला टेकण्याआधी ढगात कशी दिसते हे पहिल्यांदा कळलं. आज देशभराच्या सूचना देणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर नॉर्मनमध्येच आहे. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाच्या आवारात.

केतकी_ठाणे

ताई, वाचून अंगावर काटा आला. दोन शंका. तिकडं सगळे तळघर का बांधत नाहीत? आणि वाऱ्याचा वेग मोजतात कसा, यंत्र टिकतं का?

सुनंदा_मूर

तळघर: इथली माती चिकणी, पाऊस पडला की फुगते आणि उन्हात आकसते. भिंतींना तडे जातात, पाणी झिरपतं. खर्चही फार. त्यामुळं जुन्या घरांना तळघरं नाहीत. आता लोक गॅरेजच्या जमिनीत पोलादी पेटी बसवतात. आम्हीही २०१४ ला बसवली. सरकतं झाकण, सात पायऱ्या, दोन्ही बाजूंना बाकडी.

वेग: यंत्र क्वचितच वाटेत असतं, म्हणून नुकसान पाहून वेग ठरवतात. ही पद्धत १९७१ साली शिकागो विद्यापीठातल्या टेटसुया फुजिता यांनी बसवली. ते मूळचे जपानचे. अणुबॉम्ब पडल्यावर नागासाकीची पाहणी करायला तरुणपणी गेले होते आणि पडलेल्या झाडांच्या दिशा वाचायला तिथं शिकले. २००७ पासून त्यांच्या मोजपट्टीची सुधारलेली आवृत्ती वापरतात, ईएफ-० ते ईएफ-५. अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० टोर्नेडो होतात, बहुतेक ईएफ-० आणि ईएफ-१. आमचा २०१३ चा ईएफ-५ होता. या पद्धतीत एक उणीव आहे. ३१ मे २०१३ ला एल रेनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला, आजवर नोंदलेला सगळ्यात रुंद. फिरत्या रडारनं त्याचा वारा प्रचंड मोजला होता, पण तो मोकळ्या शेतांवरून गेला, मोडायला घरं नव्हती, म्हणून अखेर ईएफ-३ ठरला. वर ज्यांचं नाव घेतलं ते टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यातच गेले. ती माणसं आयुष्यभर याच अभ्यासात होती, तरी त्यानं दिशा बदलून त्यांना गाठलं.

त्या दिवशी माझ्याही हातून मोठी चूक झाली. अकरा दिवसांपूर्वीचं सगळं ताजं होतं. सूचना आली आणि मी मुलाला, सासूबाईंना गाडीत घालून दक्षिणेला पळाले. माझ्यासारखी हजारो माणसं निघाली होती. आय-३५ महामार्ग गच्च, गाड्या जागच्या हलेनात. चाळीस मिनिटं आम्ही उघड्यावर, पत्र्याच्या डब्यात, पावसात बसून होतो, आणि पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत चढलं. तो आमच्याकडं वळला असता तर त्या रांगेतलं कुणी राहिलं नसतं. दादा, पोरीला पहिली गोष्ट ही सांगा: गाडी काढून पळायचं नाही.

दुसरं, महामार्गावर सापडली तर उड्डाणपुलाखाली थांबायचं नाही. एका जुन्या चित्रफितीमुळं लोकांना ती जागा सुरक्षित वाटते. ३ मे १९९९ ला याच मूरवरून गेलेल्या टोर्नेडोत पुलांखाली थांबलेली माणसं दगावली. पुलाखाली वारा आणखी जोरात घुसतो.

घर घेताना शक्यतो तळमजला घ्यावा. तळमजल्यावरची मधली, बिनखिडकीची जागा, म्हणजे न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली, पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी. वरच्या मजल्यावर राहिली तर खालच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावं, इथले लोक नाही म्हणत नाहीत. आत जाताना पायांत बूट हवेत. चपला नाहीत, बूट. नंतर काचांवरून आणि खिळ्यांवरून चालावं लागतं. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, कारण इजा होते ती वाऱ्यानं कमी आणि उडत्या वस्तूंनी जास्त. खिडक्या उघडायच्या नाहीत. दाब सारखा होतो वगैरे समज जुना आणि खोटा आहे. मोबाइलवरची आणीबाणीची सूचना बंद करू नये, रात्री तीच उठवते. कॉलेजच्या इमारतींत निवाऱ्याच्या जागेच्या पाट्या असतात, त्या पाहून ठेवाव्यात.

रानवाटा

ताई, हे सगळं मुलीनं वहीत उतरवून घेतलंय. हेल्मेट इथूनच न्यायचं का तिकडं मिळेल, असं ती विचारतेय. आणि तिची आई म्हणते, ताईंना विचारा, ऑगस्टमध्येच होतं का हे.

सुनंदा_मूर

हेल्मेट इथं मिळेल, बॅगेत त्या जागी मेतकूट, गोडा मसाला घालू द्या. ऑगस्टमध्ये फारसं नसतं, उकाडाच असतो. खरा हंगाम तिच्या दुसऱ्या सत्रात, वसंतात. तोवर ती रुळलेली असेल.

वहिनींना एक सांगा. पोरगी पोचली की पहिल्याच शनिवारी दुपारी बाराला गावभर भोंगे वाजतील, लांब, चढता-उतरता सूर. ती फोन करेल, मागं तो आवाज ऐकू येईल. ती चाचणी असते, दर शनिवारी बाराला होते, आणि आभाळ खराब असेल त्या शनिवारी मुद्दाम घेत नाहीत. आमच्या पेटीत सहा जण बसतात आणि आम्ही चौघं आहोत. मार्च लागला की वॉचच्या दिवशी दुपारीच तिनं आमच्याकडं जेवायला यावं. वॉर्निंग आल्यावर निघू नये, आधी यावं. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.